तिन्हीसांजेची कडी

रविवार, ४ डिसेंबर १९९४. पनवेल

खळ्ळ् टक्. आईने कडी काढल्याचा आवाज. साठ वर्षं होऊन गेली, अजून कानात आहे. तिन्हीसांजा झाल्या की आई उंबरठ्यावर पाणी शिंपडायची, रांगोळीच्या दोन रेघा ओढायची, देवापाशी दिवा लावायची आणि मगच दाराची साखळीची कडी काढायची. लक्ष्मी यायची वेळ, त्या वेळी दार लावलेलं चालत नाही. मी ओटीवर बसून शाळेतली कविता घोकत असायचो. गुरुजी टेबलावर बोटांनी ठेका धरायचे, घरी तो आईची कडी धरायची.

आज तोच आवाज पळस्पे फाट्यावर, कमलाकरच्या गॅरेजात ऐकला! त्याने जुन्या मॅटाडोरच्या पोटात अख्खं घर बसवलंय. कुवेतहून परतलेल्या कुणा हौशी गृहस्थाने बांधून घेतलं आणि दोन फेऱ्यांत कंटाळून त्याच्याच गळ्यात टाकलं. आता तो ते भाड्याने देतो. दोन बाक, रात्री त्यांचाच पलंग. गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. मागे लाकडी दार आणि लोखंडी पायऱ्या. कुलूप नीट बसेना म्हणून कमलाकरने दाराला आतून साखळीची कडीच ठोकून दिली. मी ती पुन्हा पुन्हा वाजवून पाहिली. म्हणाला, काका, गाडी बघा की, कडी काय बघताय!

वेणूने आत पाऊल टाकलं आणि खाली पाहिलं. अहो, उंबरठा कुठंय? उंबरठ्याशिवाय कसलं घर? मी म्हटलं, चालत्या घराला उंबरठा लावला तर ते ठेचकाळेल. यावर ती हसली. मनापासून हसली.

तिच्या या हसण्यासाठीच हा सगळा खटाटोप. गेल्या पावसाळ्यापासून वेणू गप्प झालीय. जेवते, झोपते, खिडकीत बसते. मूलबाळ नाही, भावंडं एकेक करून गेली, आमच्या दाराशी पोस्टमनसुद्धा थांबत नाही. माणसांचं एवढं वेड असलेली बाई, आणि चहाला कुणी नाही. डॉक्टर म्हणाले, हे औषधाने व्हायचं नाही, फिरवून आणा. समुद्रापर्यंत जायचं आणि बोलती वेणू घेऊन घरी परतायचं, एवढंच माझं मागणं.

आणि खरं सांगायचं तर मलाही जायचंच होतं. जन्म जकात नाक्यावर गेला. गोव्याच्या रस्त्याचा प्रत्येक ट्रक अडवून विचारायचं, आत काय आहे? महादेव म्हणून एक ड्रायव्हर होता, मला कविता पुटपुटताना ऐकून मास्तर म्हणायचा. "रिकामी हाय मास्तर, काय नाय आत!" रिकाम्या गाडीला जकात नाही, सोडावीच लागे. निम्म्या वेळा खोटं बोलत असणार. माणगावच्या पुढे एका पुलावरून त्याचा ट्रक खाली गेला, त्यालाही खूप वर्षं झाली. मी ती वाट फक्त ऐकली, पाहिली कधीच नाही.

गाडी चालवणार जासईचा दादू. किल्ली करगोट्याला बांधलेली, तोंडात सदा बडीशेप. त्याने आधीच बजावलं, मागचं दार तुमच्या घराचं, काका. आमी पुढून चढनार, पुढून उतरनार, तुमच्या घरात आमचं काय काम नाय.

संध्याकाळी खडूने दारावर बाहेरून दोन ओळी लिहिल्या. माझ्याच, शाळेतल्या चालीवर:

चाकांवरती घर हे अमुचे, वाट तयाचे अंगण
थकल्या वाटसरा, ये आत, उजळले बघ निरांजन

वेणूने वाचलं. म्हणाली, कुणी खरंच आलं तर चहाला दूध आहे ना?

सोमवार, ५ डिसेंबर. माणगावच्या पुढे, पुलाजवळ

पेण, नागोठणे, कोलाड. नाक्यावर ट्रकवाल्यांच्या तोंडून ऐकलेली गावं खरोखरची निघाली! वेणू खिडकीशी बसून पाट्या मोठ्याने वाचत होती. दादू म्हणाला, काकू, तुमी कंडक्टर व्हायला हव्या होत्या.

दिवस कलायला लागला तसा दादूने गाडी रस्त्याच्या कडेला, एका पुलाअलीकडे घेतली. खाली नदीचं पाणी संथ. वेणूने न सांगता निरांजन लावलं आणि कडी काढली. खळ्ळ् टक्. मी डोळे मिटले. क्षणभर मी ओटीवर होतो.

डोळे उघडले तर ती दारात उभी राहून कुणाला तरी या, या म्हणत होती. बाहेर मला रस्ताच दिसला. विचारलं तर म्हणाली, एक जण दमून उभा होता बिचारा, बसला बघा. समोरच्या बाकाकडे बोट केलं. बाकावर कुणी नव्हतं. तिने कप भरून ठेवला. रुसलेलं मूल बाहुलीशी बोलायला लागलं तर कोण अडवेल?

कप मात्र नंतर रिकामा होता. तिनेच प्यायला असेल.

मंगळवार, ६ डिसेंबर. म्हसळ्याकडच्या घाटात

वेणू दिवसभर बोलतेय. माझ्याशी कमी, समोरच्या बाकाशी जास्त. पण बोलतेय! दुपारी तिने पिठलं-भात केला आणि ताटं वाढली ती आमच्यापेक्षा जास्त. मी गंमत म्हणून विचारलं, पंगत कुणाची? म्हणाली, अहो, हळू बोला, ऐकू येतं त्यांना.

संध्याकाळी घाटातल्या वळणावर थांबलो. पुन्हा निरांजन, पुन्हा कडी. या खेपेला ती दारात बराच वेळ उभी होती आणि बाजूला सरून सरून वाट देत होती, लग्नघरात देतात तशी. एका बाईला हात धरून वर घेतलं. पायऱ्या करकरल्या. हे मी पाहिलं. पायरी खाली दबली आणि वर आली.

गाडीत ओल्या मातीचा आणि डिझेलचा वास आहे. दादू म्हणतो, आपली गाडी गळत नाय.

बुधवार, ७ डिसेंबर. समुद्रकाठ, सुरूच्या बनाजवळ

समुद्र दिसला. शाळेत समुद्रावरची कविता तालात म्हटली होती, तेव्हा समुद्र पाहिला नव्हता. आज पाहिला आणि एकही ओळ आठवली नाही.

सकाळी चढावर गाडी दम टाकत होती. दादू उतरला, वाकून चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बघितले, परत आला. "काका, आत काय भरलंय?" मी म्हटलं, दोन म्हातारी माणसं. तो हसला नाही. म्हणाला, पाटे बसलेत. वीट भरलेल्या ट्रकचे बसतात तसे.

उभ्या आयुष्यात हा प्रश्न मी विचारला. मला कुणी विचारला नव्हता.

वेणू बाकावर बसत नाही आता. जागा नाही म्हणते. खाली, शेगडीपाशी, गुडघे पोटाशी घेऊन बसते आणि चहा करत राहते. चेहऱ्यावर एवढं सुख मी लग्नातही पाहिलं नव्हतं. हात लावला, तर दगडासारखा गार.

परत जाऊ या, असं मी म्हटलं. ती म्हणाली, पाहुणे घरात असताना?

गुरुवार, ८ डिसेंबर

दादू गेला.

त्याचं झालं असं. सकाळी वेणूने मला सहज विचारलं, तुम्हाला मास्तर कोण म्हणायचं? ती म्हणाली, हे पहिले आलेले पाहुणे म्हणतायत. पुलाजवळचे. कपाळ फुटलंय त्यांचं, हळद लावते तर राहत नाही. म्हणतात, मास्तरांनी दारावर ये म्हणून लिहिलं, म्हणून आलो. आजवर कुणी ये म्हटलं नव्हतं.

महादेवचं नाव मी घरी कधी काढलेलं नाही. वेणूपाशी तर नाहीच.

मी बाहेर जाऊन खडूच्या ओळी पुसल्या. धोतराच्या सोग्याने, मग पाण्याने, मग वाळूने. दादूने कारण विचारलं, मी सगळं सांगून टाकलं. त्याने बडीशेप थुंकली. म्हणाला, पुलापाशी मेले, वळनावर मेले, रस्त्यावर राहिलेल्या लोकांना घर कुठलं? त्यांच्यासमोर तुमी दिवा लावलेलं घर नेऊन उभं केलं काका. ते बसनारच. मग तो माझ्या पाया पडला, करगोट्याची किल्ली सोडून द्यायलाही थांबला नाही, चालतच फाट्याकडे निघाला. जाताना ओरडला, कमलाकरशेठला धाडतो, तुमी दार उघडू नका!

सांजेला मी कडीवर हात ठेवून बसलो. वेणू रडली. दिवा लागलाय आणि दार बंद, हे कसलं घर, म्हणाली. मी हात काढला नाही.

तरी कडी वाजली. माझ्या हाताखाली.

शुक्रवार, ९ डिसेंबर

गावात जाऊन कमलाकरला फोन लावला. दादू गॅरेजला पोचलेला नाही, जासईलाही नाही. फोनच्या दुकानातला माणूस गिऱ्हाइकाला सांगत होता, काल मासळीचा टेम्पो घाटात कोसळला, मागे बसलेला परगावचा एक जण गेला. दादू एस.टी.ने गेला असणार. नक्की एस.टी.नेच. कमलाकर म्हणाला, रविवारी येतो.

वेणूला म्हटलं, चल, आपण दोघं एस.टी. धरू. हाताला धरून ओढलं. पायरीपर्यंत आली आणि पुढे येईना. वजन तिचं नव्हतं. मागून तिला धरून ठेवल्यासारखं. पदर ताणलेला.

आई आधी रेघा ओढायची, मग कडी काढायची. आता समजतंय. उंबरठा म्हणजे घराचा नाका. कोण येतंय, काय घेऊन येतंय, तिथे थांबून ठरतं. आम्ही नाकाच नसलेलं घर घेऊन निघालो. मी! जकातीतला माणूस!

शनिवार, १० डिसेंबर

एकच उपाय सुचला. पाहुण्यांना हाकलता येत नाही, पण निरोप देता येतो. वेणूने आयुष्यात कुणाला दारातूनच वाटेला लावलेलं नाही, फाटकापर्यंत पोचवायला जायचीच. तिला सांगितलं, पाहुणे कंटाळले असतील, त्यांना आपापल्या ठिकाणी जायचं असेल. तू हळदीकुंकू लाव, हातावर साखर ठेव, पोचवून ये. तू परत आलीस की मी दारात रेघ ओढतो. मग कुणी नाही.

तिला पटलं. एकेकाच्या कपाळाला कुंकू लावत गेली, हवेत. कुंकू खाली पडत नव्हतं.

उन्हं उतरताना ती पायऱ्या उतरली. मागोमाग पायऱ्या करकरत राहिल्या. किती वेळ. गाडी वर उचलली गेली, स्प्रिंगा सुटल्यासारखी. मी हसलोही असेन. ती वाळूतून चालली, पदर डोक्यावर घेऊन, दोन्ही बाजूंना बघत, बोलत. वळून मला म्हणाली, येते हं.

पाण्यापाशी ती थांबेल असं वाटलं.

मी हाका मारल्या. पाण्यात गेलो, छातीपर्यंत. पाणी गार. तिच्या हातासारखं.

कुठपर्यंत पोचवायचं ते मी सांगितलंच नव्हतं. आपापल्या ठिकाणी, म्हणालो. त्यांना ठिकाण कुठलं

रविवार, ११ डिसेंबर

कोळ्यांनी सकाळपासून शोधलं. नाही. कमलाकर आलेला नाही.

तांदळाच्या पिठाने दारात रेघ ओढली. दोन. मग एक पुसली. तिला ओलांडता आली नाही तर? ती येते म्हणून गेलीय. वेणू सांगितलेलं करते.

रेघ ठेवली तर तीही बाहेर. पुसली तर सगळेच —

सांज होतेय. निरांजन लावलंय. कडी घातलेली आहे. कविता म्हणून बघतो — पहिली ओळ — नाही आठवत —

पायरी दबली.

वेणू? म्हणून विचारलं. बडीशेपेचा वास.

दादू!! दादूचा आवाज. काका, आमी हाव, म्हणतोय. आला! देवा, आला पोरगा. आता गाडी — पण वेणूशिवाय कसा —

मागच्या दाराशी का?

किल्ली त्याच्याकडे आहे. पुढून चढतो तो. पुढूनच. या दाराने कधी —

आत येऊ का, विचारतोय. दमलोय, म्हणतोय. अंगावरून पाणी ठिबकतंय, पायरीवर. नाही — पाणी नाही. मासळीचा वास.

नाक्यावर विचारायचो तसं विचारलं. आत — बरोबर काय आहे? कोण आहे?

काय नाय काका. रिकामाच हाय.

त्याच्या मागे बांगड्या वाजल्या. काचेच्या. वेणूच्या हिरव्या —

रिकाम्याला अडवता येत नाही. नियम आहे. पायाने रेघ पुस

खळ्ळ्