पाच ते पावणेसात

४ ऑक्टोबर

पुण्याच्या एजन्सीने बाळाला सांभाळायला पाठवलेली तिसरी बाईही आली तशी गेली. आळेफाट्याला उतरली, घरी आली, चहा घेतला, संयमला एकदा कडेवर घेतलं. तो रडला नाही — मी मनात पेढे वाटले. तेवढ्यात सासूबाईंचा प्रश्न. "रात्रीचं जेवण किती वाजता करता?" ती म्हणाली, नऊला. "आम्ही जैन, आमच्याकडे दिवस मावळल्यावर कोणी जेवत नाही. कांदा-लसूण नाही, बटाटा नाही." तिने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे.

पुढच्या गाडीने परत.

दिवाळीची सुट्टी संपली की मला मंचरला कॉलेजवर हजर व्हायचंय. बाळंतपणाची रजा वाढवून वाढवून संपली. सहा वर्षं तासिकेवर काढली तेव्हा कुठे केमिस्ट्रीची ही जागा मिळाली. ती सोडायची नाही. सध्या तेवढं एकच पक्कं आहे.

९ ऑक्टोबर

घाटघरची इंद्रायणी चार दिवस राहिली. हसरी, कामाला वाघ. घरातच राहायची तयारी, कांद्याचं काही म्हणणं नाही. आज तिचा भाऊ जानकू दारात उभा. "ताई, भात कापाया आलंया. हिला न्यायला आलोय." परत कधी? "कापून, झोडून झालं की."

म्हणजे माझी सुट्टी संपल्यावर. जा बाई.

१० ऑक्टोबर

काही नाही. संयमचा दुसरा दात दिसतोय.

१३ ऑक्टोबर

मिळाली! पिंपरी पेंढारची प्रतिभा. आमच्या दुकानात किराणा भरायला आली होती, माझ्या नवऱ्याने, अंकितने सहज विचारलं. तिची दोन पोरं शाळेत जातात, सासू घरी असते, दिवसभर मोकळी आहे म्हणाली. आत आली ती थेट पाळण्यापाशी. "काय शेठ, दुकान बंद ठिऊन झोपलाय व्हय?" शेठ डोळे उघडून बघतच राहिले आणि खुदकन हसले. आठ महिन्यांत माझ्या कुठल्या बोलण्याला एवढा हसला नाही!

सासूबाईंच्या परीक्षेतही पास. "कांदा मी घरी जाऊन खाईन की, आई. हितं न्हाई खाल्ला तर मरत न्हाई."

तिची अट एकच. पाचच्या ठोक्याला निघणार. "आमच्या रस्त्याला दोन्हीकडनं ऊस. बिबट्या हाय. मालक येत्याल गाडी घिऊन, पर अंधार पडायच्या आत घर गाठाया पायजे."

यावर आमच्या तालुक्यात कुणी कुणाशी वाद घालत नाही. मीही नाही घातला. ती गेल्यावर मग डोकं चालू झालं. ती जाणार पाचला. मंचरहून माझी एसटी, हायवेला कोंडी नसेल तर, पोचणार पावणेसातला. मधे कोण?

१४ ऑक्टोबर

"मी आहे ना," सासूबाई म्हणाल्या. खरंच आहेत. गुडघे धरून का होईना, संयमची मालिश रोज त्याच करतात. आंघोळ त्यांच्याच हातची.

पण संध्याकाळी त्या नसतात. घरात असून नसतात. सासरे साडेपाचला दुकानातून जेवायला येतात, त्यांचं ताट वाढलं की सासूबाई लोकरीचं कटासन अंथरून, तोंडाला मुहपत्तीचं फडकं बांधून सामायिकच्या ध्यान-पाठाला बसतात. त्याला जोडूनच प्रतिक्रमण, दिवसभरातल्या चुकांची क्षमा मागणं. मी येईपर्यंत उठायच्या नाहीत. आणि एकदा बसल्या की पुरुषमाणसाला स्पर्श करायचा नाही.

"तो पुरुष आहे, आई?"

"नातू असला तरी पुरुषच."

दोन दात असलेला पुरुष. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. वेळ थोडी पुढेमागे होईल का, असं विचारणार होते. त्यांनी आधीच सांगितलं — लग्न होऊन आल्या तेव्हापासून एक दिवस चुकलेला नाही, तापातसुद्धा नाही. मग काय विचारणार?

१६ ऑक्टोबर

अंकितला म्हटलं, तासभर तू ये घरी. "ती तर गर्दीची वेळ असते, चेतना. काउंटरला कोण?" त्याचंही चूक नाही. या घरात कुणाचंच काही चूक नसतं, हीच तर पंचाईत.

त्याने मोबाइलवरून काहीतरी मागवलंय. म्हणे, प्रश्न सुटेल.

२२ ऑक्टोबर

सुटलेला प्रश्न आज घरी आला. निळ्या जाळीचं चौकोनी कुंपण, आत मूल ठेवायचं.

सासूबाई म्हणाल्या, "पिंजरा बिबट्याला लावतात."

प्रतिभा म्हणाली, "आन् आत शेळी ठेवत्यात."

शेठना आत ठेवलं. शेठनी जाळी धरली, उभे राहिले — पहिल्यांदाच उभा राहिला! — आणि असा टाहो फोडला की शेजारून विचारायला आले. प्रतिभानेच उचलून बाहेर काढला. पिंजऱ्यात आता धुवायचे कपडे आहेत.

२५ ऑक्टोबर

आज रंगीत तालीम केली. पाचला प्रतिभा गेली, मी गच्चीवरच्या खोलीत जाऊन बसले. मी मंचरला आहे, असं समजायचं. खाली सतरंजीवर संयम, भोवती खेळणी, आतल्या खोलीत सासूबाई दार उघडं ठेवून.

साडेपाचपर्यंत त्यांनी त्याला मांडीवर खेळवलं. मग सासऱ्यांचं ताट वाढून त्या सामायिकला बसल्या. रडणं सुरू झालं. सासूबाईंनी पाठ मोठ्याने म्हणायला घेतला. तो थांबला. पुन्हा रडला. त्यांनी आवाज आणखी चढवला. मला त्यांचा राग येणार होता, पण तो आवाज ऐकून नाही आला. त्यांच्या हातात तेवढंच होतं.

दहा मिनिटं नाही टिकले. धावत खाली गेले.

२७ ऑक्टोबर

प्राचार्यांचा फोन. "मॅडम, सोमवारपासून वर्ग सुरू. नक्की येताय ना? नाहीतर दुसरं कोणी बघावं लागेल." उद्या सांगते म्हटलं.

मला राग आलाय. कुणावर, ते कळत नाही. प्रतिभावर नाही. बिबट्यावर तर नाहीच, तो त्याच्या उसात आहे. सासूबाईंवर घालून बघितला, बसत नाही. मग उरते मी. मला माझी प्रयोगशाळा हवी आहे, तो वास, ती पोरं, डब्यातलं गार जेवण. आई झाल्यावर एवढं हवं असणं बरोबर आहे का, हे कुणाला विचारावं?

२८ ऑक्टोबर

शेवटचं एकदा करून बघायचं ठरवलं. नाही जमलं तर प्राचार्यांना नाही म्हणायचं आणि विषय संपवायचा.

पाचला प्रतिभा गेली. जाताना म्हणाली, "ताई, आज खाली येऊ नगा. आलात की त्येला कळतं."

वर बसले. कानात बोटं घातली नाहीत, पण पदर तोंडात धरला होता. खाली स्कूटरचा आवाज, सासरे आले. ताटाचा आवाज. सासूबाईंचा पाठ सुरू. मग संयम. आधी कुरकुर, मग भोकाड, मग तो श्वास अडकवून रडतो ना, ते. उठले. दारापर्यंत गेले. परत येऊन बसले.

आणि एकदम शांत. एवढं शांत की भीती वाटली.

अनवाणी खाली आले. सासूबाई कटासनावर, डोळे मिटलेले, पण मुहपत्तीच्या वर गाल ओले. बाहेर जेवणाच्या पाटावर सासरे. ताट वाढलेलं तसंच, पोळीचा एक घास मोडलेला. आणि दोन्ही हात पुढे धरून, जसा तराजूच्या पारड्यात माल ठेवतात तसा, त्यांनी संयमला धरला होता. हलत नव्हते. तो त्यांच्या चष्म्याची काडी ओढत होता.

"रडत होता," ते म्हणाले. "घेतला."

"पप्पा, जेवण..."

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. सूर्य गेला होता. "राहू दे आता. उद्या जेवू."

रात्री सासरे उपाशीच झोपायला गेले. जाताना शीळ घालत होते! या माणसाला शीळ येते हे मला आजच कळलं.

२९ ऑक्टोबर

सकाळीच प्राचार्यांना फोन केला. येते म्हटलं.

रोज साडेपाचला हा माणूस आमच्यासमोर पाटावर बसत होता आणि आम्ही आख्ख्या जुन्नर तालुक्यात बाई शोधत होतो. दुकान त्या वेळी अंकित बघतोच. यांनी जेवून पुन्हा दुकानात जायचं नाही, एवढंच. मी अंकितला विचारलं, तुझ्या का नाही लक्षात आलं? तो म्हणाला, "पप्पा? बाळाला?"

संध्याकाळी सासरे साडेचारलाच हजर. आधी जेवले, हात पुसले, मग हात पुढे केले. प्रतिभाने संयमला त्यांच्याकडे दिलं. "बारकं शेठ आता मोठ्या शेठच्या हाताखाली. लई झ्याक." सासूबाई कटासनावर बसताना दाराकडे तोंड करून बसल्या.

२ नोव्हेंबर

उद्या रुजू व्हायचं. आज सासऱ्यांना विचारलंच — पप्पा, आधी का नाही म्हणालात? त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "वडिलांसमोर आपलं पोर उचलायची रीत नव्हती आमच्यात. आणि वडील तर कायम घरातच. अंकित माझ्या हातात आला तेव्हा चालत होता. एवढं लहान मूल मी कधी धरलंच नव्हतं, चेतना. पडेल म्हणून भीती वाटायची."

मी अंकितला आत बोलावलं आणि पप्पांना हेच पुन्हा सांगायला लावलं.