चौथरा काही फुटेना

मु. पो. इनामगाव, ता. शिरूर

तीर्थरूप मारुतरावमामांना एकुलत्या एका जावयाचा, बन्सीचा, दुरूनच पाय धरून नमस्कार.

इकडे सगळे धडधाकट आहेत, फक्त सगळ्यांच्या अंगावर धूळ आहे. तुमचा गुडघा कसा आहे असं मी विचारणार नाही. तुम्ही ‘बरा हाय’ एवढंच कळवाल आणि तो बरा नाही हे तुमच्या शेजारच्या पुतळाबाईंनी प्रतिभाला त्याआधीच सांगितलेलं असेल. दिवाळीच्या तोंडावर तुम्ही न्हाणीत पाय घसरून पडलात आणि कोणी हाक ऐकेपर्यंत ओल्या फरशीवर बसून राहिलात, हेही त्यांच्याकडूनच कळलं. त्या दिवसापासून तुमच्या लेकीच्या घशाखाली घास नीट उतरत नाही. पण ‘इकडं राहायला या’ हा विषय पुन्हा काढायचा नाही असं तुम्ही मला बजावलंय. लेकीच्या घरी यावं, चहापाणी घ्यावं आणि दिवेलागणीच्या आत परत फिरावं, मुक्काम करू नये, ही तुमची रीत मला ठाऊक आहे. फोनवर विषय निघाला की तुमची रेंजच जाते. (रेल्वेच्या गँगवर जन्म गेला, इंजिनाच्या शिट्टीतही तुम्हाला मुकादमाची हाक ऐकू यायची, फक्त जावयाची येत नाही.) म्हणून पत्र लिहायला घेतलं, पत्र मधेच कट करता येत नाही. आणि घाबरू नका, विषय तो नाहीच. विषय पाडकामाचा आहे.

तर आपली पिठाची गिरणी आता कायमची बंद केली. घरोघरी घरघंट्या आल्या, आणि गिरणीच्या खोलीत उंदीर सोडून कोणी येईना. खोली स्वयंपाकघराला लागूनच आहे. प्रतिभा म्हणाली, मधल्या भिंतीत दार काढू, आतच न्हाणी-संडास करू, धरायला दांडे लावू, उंबरा ठेवायचाच नाही. कोणासाठी ते लिहीत नाही, बंदी आहे. इंजिन आणि जाती भंगारवाल्यानं नेली. राहिला तो इंजिनाखालचा चौथरा. तो तुम्हीच घातलेला. आमच्या लग्नानंतर तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा गिरणी चालू होती, आणि तिच्या हादऱ्यानं मांडणीवरची ताटं एकेक करून खाली येत होती. प्रतिभा ती उचलून परत लावत होती. तुम्ही चहाचा कप अर्धा ठेवून उठलात. मग रजा काढून आलात आणि असा चौथरा ओतलात की त्यावर मालगाडी उभी करावी. पण रीत म्हणजे रीत! काम चाललं तेवढे दिवस सकाळी दौंडहून यायचात आणि संध्याकाळी परत. सिमेंट तुमचं, खडी तुमची, जेवायला भाकरीसुद्धा दौंडहून बांधून आणलेली. काँक्रीटला पाणी मारायलाही तुम्ही दौंडहूनच येत होतात. आमच्या विहिरीचं पाणी तेवढं घेतलंत, तेही नाइलाजानं.

पाडकामाला आधी आणला भैरू. त्याचा स्वतःचा जेसीबी आहे. मी विचारलं, पाडायचा अनुभव किती? तर म्हणाला, “दाजी, पंचक्रोशीत माझ्या बकेटबिगर एकबी मिरवणूक निघाली न्हाई.” मला वाटलं हा नम्रपणा. त्याचा अनुभव खरंच तेवढाच होता हे नंतर कळलं. कोणाचा तरी पोरगा पोलिसात भरती झाला होता, त्याची मिरवणूक उरकून भैरू तसाच आमच्याकडे आला. बकेटमध्ये झेंडूच्या पाकळ्या आणि गुलाल शिल्लक. घरासमोर येऊन त्यानं बकेट वर नेली आणि सवयीनं लिव्हर ओढला. सगळा गुलाल प्रतिभाच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवर. (यंदाच्या कुरडया गुलाबी आहेत. तळल्यावर फारसं कळत नाही.) फुलं पडलेली बघून लोक जमले. काय झालंय ते कोणालाच माहीत नव्हतं, पण दोघांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं आणि एकानं हार घातला. मी आभार मानून मोकळा झालो, नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. मग भैरूनं जेसीबी बोळात घातला आणि पहिल्याच धडकेत पलीकडच्या वच्छलाकाकूंच्या न्हाणीची भिंत आडवी केली. काकू तेव्हा मळ्यात होत्या म्हणून निभावलं. तेव्हापासून त्या अंघोळीला आमच्याकडे येतात, आणि पाणी पुरेसं तापलेलं नसतं म्हणून प्रतिभाला चार शब्द सुनावतात.

प्रतिभानं जाहीर केलं, आता पाडायला शिकलेला माणूस आणायचा. मी हसलो. म्हटलं, पाडायला कसलं शिक्षण? आपल्या गावानं निवडणुकीत भल्याभल्यांना पाडलंय, कोणाकडे सर्टिफिकेट होतं? (त्या रात्री मला गुलाबी कुरडया वाढल्या, त्यांच्यासोबत दुसरं काहीच नव्हतं.) मग रांजणगावात कंपन्यांची जुनी शेडं पाडणाऱ्या सीमाताईंना बोलावलं. सिव्हिलचा डिप्लोमा, परवाना, विमा, सगळं रीतसर. त्यांनी आल्याआल्या सगळ्या भिंतींवर हात फिरवला, गच्चीवर जाऊन स्लॅब पाहिला, आणि मला म्हणाल्या, “काका, काय पाडायचं त्ये मागनं सांगा. काय ठिवायचं त्ये आधी सांगा.” हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. मी एकदम प्रतिभाकडे पाहिलं, आणि प्रतिभा चौथऱ्याकडे बघत होती. मला वाटलं तिला त्याच्यावरची धूळ दिसतेय.

सीमाताईंनी स्लॅबला लोखंडी टेकू दिले, लाइट तोडली, भिंतीवर पाणी मारलं आणि घरातल्या प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं. वच्छलाकाकू अंघोळीला आल्या तर त्यांनाही दिलं. त्या ते घालूनच आत गेल्या आणि अजून परत करत नाहीत. (उन्हाचं बरं पडतं म्हणतात.) भिंतीत दार इतकं नीट निघालं की मांडणीवरचा चमचासुद्धा हलला नाही. मला मनातून थोडं वाईटच वाटलं, बघायला लोक जमले होते आणि त्यांना बघण्यासारखं काहीच झालं नाही.

पण न्हाणीच्या पाइपासाठी जमीन उकरताना एक खापर निघालं. लाल मातीचं, काठावर काळी नक्षी. आमच्या गावात खापर निघणं म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे. घोडनदीच्या काठची ती जुनी वस्ती उकरायला मोठमोठे विद्वान येऊन राहिले, त्यांनी ब्रशनं माती झाडली, हे इथलं शेंबडं पोरही सांगतं. काकूंनी हेल्मेटसकट गावात बातमी पोचवली. कोणी म्हणालं काम थांबवा, कोणी म्हणालं पुण्याला कळवा. शाळेतले मास्तर आले आणि माझ्याच दात घासायच्या ब्रशनं खापर साफ करू लागले. हजारो वर्षांपूर्वीचं असावं असा त्यांचा अंदाज पडला. मी मनाशी म्हटलं, आता या खोलीत कोणाला राहायला मिळायचं तर त्याच्या नातवाला! एवढ्यात प्रतिभा भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन आली, खापर उलटंपालटं केलं आणि म्हणाली, “ह्यो माझा माठ हाय. पहिल्या उन्हाळ्यात आप्पांनी दौंडवरनं आणलेला. गिरणीच्या हादऱ्यानं पडला तवा भरावात टाकला व्हता.” मास्तर ब्रश ठेवून निघून गेले. प्रतिभानं ते खापर पदरानं पुसलं आणि आत नेलं. कशाला ते मी विचारलं नाही.

राहिला तुमचा चौथरा. त्याच्यावर ब्रेकर मशीन लावलं. पोरं बिहारची, अंगानं दणकट, पण घामाघूम झाली. त्यातला एक म्हणाला, “चाचा, इसमें क्या डाला है?” मी म्हटलं, “हमारे ससुर का स्वभाव डाला है.” जेवण करून मी मळ्यातली मोटर बंद करायला गेलो, आणि परत येतो तर मशीन थांबलेलं. सीमाताई म्हणाल्या, हा फोडायचा नाही, हादऱ्यानं स्वयंपाकघराच्या भिंतीला तडे जातील. शिकलेल्या माणसाशी वाद घालू नये. चौथरा आहे तिथे आहे. मी त्यावर पथारी टाकून पडून पाहिलं. उंची बरोबर गुडघ्याएवढी, बसायला आणि उठायला सोपी. लांबी पाय पसरून उरेल इतकी. उशाशी खिडकी.

पडल्यापडल्या माझ्या डोक्यात आलं, हा चौथरा माझा नाहीच. सामान तुमचं, मेहनत तुमची, मी तर तेव्हा एक कप चहासुद्धा पुरता पाजू शकलो नाही. तो लेकीच्या घरात असला तरी लेकीच्या घरचा नाही. त्यावर जो झोपेल तो जावयाच्या दारात नाही, आपल्या जागेवर झोपेल. मामा, मला वडील नाहीत. हक्कानं रागावणारं माणूस घरात असावं असं मलाही वाटतं. पण विषय पाडकामाचा होता आणि तो संपला.

आपला, धुळीनं माखलेला,
बन्सी

ता. क. : नव्या न्हाणीच्या कोब्याला पाणी मारायला जाणता माणूस हवा आहे. सीमाताई म्हणतात, आठवडाभर तरी लागेल. दौंडहून रोज येणं गुडघ्याला झेपणार नाही, तेव्हा काय ते तुम्हीच ठरवा. मी आग्रह करत नाही.

ता. क. दुसरा : रीत मोडत असेल तर भाकरी बांधून आणा, माझी हरकत नाही.

आप्पा, पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. चौथरा फुटत होता. एक कोपरा निघालासुद्धा होता. हे मळ्यात गेले तेव्हा मशीन मीच बंद करायला लावलं, आणि यांना तड्यांचं कारण सांगा असं सीमाताईंना मीच म्हटलं. तुम्ही तो घातल्यापासून माझं एकही ताट कधी खाली पडलं नाही. रोज संध्याकाळी पाणी मारून तुम्ही एसटीकडे निघायचात, तेव्हा मी दारात उभी असायचे. तुम्ही कधी मागं वळून पाहिलं नाहीत. गादी भरून ठेवलीय. या, आणि भाकरी बांधून आणू नका.

तुमची प्रतिभा