बन्सीला पाहिलेली माणसं

केडगाव, ता. दौंड
२ मार्च १९९७

ती. हौसरावमामांना सुलक्षणाचा सा. न. वि. वि.

आम्ही दोघं सुखरूप पोचलो. वाटेत यांना दोनदा गाडी थांबवावी लागली. मागं बसून मला नीट धरताही येईना. घरी येऊन चहा घेतला, तर चहालाही झेंडूचा वास. मामींनी दिलेल्या लाडवांना मी हात लावला नाही. यांनी मात्र कुरकुंभला केमिकलच्या कंपनीत नेऊन निम्मे मित्रांना वाटले.

निघताना तुम्ही विचारलंत, पोरी, तू काय पाहिलंस? ते आता लिहिते. मी पाण्याच्या टाकीजवळ बायकांत औक्षणाचं ताट घेऊन उभी होते. मारुतरावांनी फीत कापली, नळ सोडला, पाणी आलं तशा टाळ्या पडल्या आणि फटाके वाजले. मला तरी ते फटाकेच वाटले. एक माणूस माझ्या पुढून स्टेजकडं गेला होता. पांढरा सदरा, खांद्यावर उपरणं. मग तुम्ही ओरडलात आणि मारुतराव तुमच्या अंगावर कोसळले. त्या माणसाची मला पाठ दिसली, मामा. चेहरा नाही. फौजदारांनाही मी तेच सांगितलं.

मारुतराव पंचायत समितीचे सभापती झाले तरी तुम्हाला ‘हौश्या’ म्हणून हाक मारणारं तेवढं एकच माणूस होतं. तुमचं काय होत असेल, कल्पना करवत नाही. जेवत जा. मामींना नमस्कार. माझ्यावर आहे ती माया तशीच राहू द्या.

आपली,
सुलक्षणा


शिरूर
९ मार्च १९९७

चि. सुलक्षणास हौसरावमामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. काल मारुतीचा दहावा झाला. घोडनदीच्या काठी माणूस मावंना. पण पिंडाला कावळा शिवला न्हाई. मुलांनी शब्द दिला, भावांनी दिला, तरी कावळे लांब बाभळीवर बसून बघत राहिले. शेवटी मी पुढं झालो आन् म्हणालो, मारुती, ज्यानं तुला मारलं त्याला मी सोडणार न्हाई. तवा एक कावळा उतरला.

पोरी, मी त्याच्या शेजारी होतो. मला तो समोरून दिसला. तो बन्सी. विरोधी पॅनेलवाल्यांचा ट्रक चालवतो, शिक्रापुरात खोली घेऊन राहतो. बाजार समितीच्या निवडणुकीत त्यानं मारुतीची जीप अडवून दम दिला होता. डाव्या भुवईवर जुनी खोक, केस मागं फिरवलेले. गोळी झाडताना त्याचे दात दिसत होते. तू पिवळ्या साडीत ताट घेऊन अगदी समोर होतीस. तुला दिसला न्हाई असं व्हईल कसं? भेदरलीस म्हणून आत्ता आठवत नसंल. डोळे मिटून शांत बस, आपोआप येईल पुढं.

तुझी आई गेल्यावर तुझ्या लग्नाचा मांडव मारुतीनं घातला, हे विसरू नको. जावईबापूंना सांग, लाडू वाटायचेच होते तर मामीला आधी सांगायचं, तिनं टोपलंभर दिले असते. 

तुझा,
मामा


केडगाव
२० एप्रिल १९९७

ती. मामांना सा. न. वि. वि.

ओळख परेड झाली. पुण्याला तुरुंगात नेलं होतं. एका रांगेत सारख्या अंगलटीची माणसं उभी केली होती. मी बन्सीच्या खांद्यावर हात ठेवला. शोधावं लागलंच नाही. भुवईवरची खोक, मागं फिरवलेले केस, सगळं तुम्ही लिहिलं तसंच. सदऱ्यावरूनही खांदा तापलेल्या पोरासारखा गरम लागला. तो मला म्हणाला, बाई, नीट बघा. साहेबांनी त्याला गप्प केलं.

आता मला सगळं लख्ख आठवतं. तो वळला, त्याचे दात दिसले. आधी कसं आठवलं नाही याचंच नवल वाटतं. तुम्ही म्हणालात तसं, भेदरले होते.

हात मात्र अजून धुवावासा वाटतो. हे हसतात. म्हणतात, माझ्या कंपनीचा वास तुझ्या हाताला लागलाय, तो काय साबणानं जातो होय! मामींच्या गुडघ्याला कसं आहे? तुमच्या जिवाला आता थोडं बरं वाटत असेल, एवढ्यासाठीच घाईनं लिहिलं.

तुमची लाडकी,
सुलक्षणा


शिरूर
१७ जानेवारी १९९९

चि. सुलक्षणास अनेक आशीर्वाद.

तुलाही समन्स आलंच असंल. एवढ्या दिवसांनी का होईना, खटला उभा राहिला. सरकारी वकील म्हणाले, बंदूक सापडली न्हाई, बाकीचे साक्षीदार गर्दीतले, सगळा भार आपल्या दोघांवर. तुझी आन् माझी साक्ष जुळली की बन्सी सुटत न्हाई. तो म्हणतो, त्या दिवशी ट्रकवरनं येऊन खोलीवर एकटाच झोपलो होतो. झोपलेल्या माणसाला साक्षीदार कुठला!

मामी विचारते, दोन दिवस आधी येतेस का? हरभरा सोलून ठेवलाय, उसळ करील म्हणते.

वाट बघतो.
मामा


केडगाव
४ फेब्रुवारी १९९९

ती. मामांना सा. न. वि. वि.

हे पत्र चार वेळा फाडलं. तुम्ही रागवाल, पण कोर्टात ऐकण्यापेक्षा आधी माझ्याकडून कळलेलं बरं.

समन्स आल्यापासून मी रोज डोळे मिटून तो दिवस आठवते. काल दुपारी गव्हातले खडे निवडताना सगळं इतकं स्वच्छ पुढं आलं की सूप हातातच राहिलं. बन्सी दिसला. खोक दिसली, दात दिसले. आणि त्याच्या पाठीमागं बायका उभ्या होत्या. त्यांच्यात पिवळ्या साडीतली एक बाई ताट घेऊन उभी होती. तिचं तोंड उघडं पडलं होतं, निरांजन विझलं होतं.

मामा, ती मी होते.

मला माझाच चेहरा कसा दिसेल? तो स्टेजवरूनच दिसणार. तुमच्या जागेवरून. मग मी मनानं टाकीपाशी, माझ्या जागेवर जाऊन उभी राहिले. तिथं अजून पाठच आहे. पांढरा सदरा आणि उपरणं. कितीही वेळ बघत बसलं तरी ती पाठ वळत नाही.

मी बन्सीच्या खांद्यावर हात ठेवला तो तुमच्या डोळ्यांनी बघून. तो निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही, एवढंच कोर्टात सांगणार आहे. मारुतरावांनी घातलेला मांडव मी विसरले नाही.

उसळीला मी मुकणार, हे कळतंय. तरी पोरीला तोडू नका.

सुलक्षणा


शिरूर
१२ फेब्रुवारी १९९९

सुलक्षणास आशीर्वाद.

पत्र वाचलं. तुला फितूर ठरवतील, गावात लोक म्हणतील पैसे खाल्ले. ते मी सोसीन. पण नदीच्या काठी मी शब्द दिलाय, तो कुठं ठेवू?

तू म्हणतीस, तो चेहरा तुझा न्हाई, माझा हाय. बरं, माझाच. पण गेली दोन वर्षं माझा डोळा लागला की एक माणूस उशाशी येऊन उभा राहतो. खोक हाय, दात दिसतात. तो बन्सी न्हाई, तर रोज मी कुणाकडं बघत पडतो?

कोर्टात तुला वाटंल ते बोल. मला पत्र लिहू नको. मामी रडती, तिला काय सांगायचं ते मी बघीन.

हौसराव


केडगाव
२४ ऑक्टोबर १९९९

ती. मामांना सा. न. वि. वि.

लिहू नको म्हणाला होतात. तरी लिहिते, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

बन्सी सुटला, हे तुम्हाला कळलंच आहे. कोर्टात तुम्ही माझ्याकडं पाहिलं नाहीत, मी मात्र तुमच्याकडंच बघत होते. फार वाळलात.

परवा सकाळी बन्सी घरी आला. हे ड्यूटीवर होते. मी ओळखण्याआधीच त्यानं नाव सांगितलं. म्हणाला, बाई, तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठिवला व्हता. मला वाटलं, आता शिव्या देणार, नाहीतर पाया पडणार. त्यानं दोन्ही केलं नाही. ओट्यावर बसला आणि पाणी मागून घेतलं.

पेला हातात धरून बोलला. म्हणाला, मी त्या दिवशी खोलीवर झोपलो व्हतो, हे मला पक्कं ठावं हाय. तुमच्या मामाच्या गावची टाकी मी बघितलीबी नव्हती. पण पोलिसांनी सांगितलं, वकिलांनी सांगितलं, आत बराकीतली पोरंबी तेच म्हणायची. ऐकता ऐकता मला टाकी दिसाया लागली. नळाला पाणी आलं तवा पोरं कशी ओरडली, ते ऐकू येतं. ताट घेतलेली बाई दिसती. सुटल्यावर मुद्दाम गावात गेलो. टाकी जिथं असंल वाटलं, तिथंच हाय बाई.

एवढं बोलून तो माझ्याकडं वळला. मग त्यानं अगदी हळू विचारलं, तुम्ही तिथं व्हता. खरं सांगा, मी आलो व्हतो का?

तो पेला ओट्यावर ठेवून उठला. ३१ तारखेच्या रविवारी पुन्हा येतो म्हणाला, तवर आठवून ठिवा.

मी त्याला काय सांगू? 

तुमची,
सुलक्षणा


शिरूर
२७ ऑक्टोबर १९९९

चि. सुलक्षणास मामा-मामीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी उंबऱ्यावरच उभा राहून वाचलं. मग खाली बसलो.

बन्सी गावात आला होता हे खरं. दसऱ्याआधी एक माणूस दुपारभर टाकीखाली उभा होता. मी शेतातनं येत होतो. रामराम केला, कुणाकडं आलात म्हणून विचारलं. तो म्हणाला, टाकी बघतोय. मी म्हणालो, आमच्या मारुतीनं बांधलीय ही. त्याला घरून तांब्याभर पाणी आणून दिलं. तो पिऊन माझ्या तोंडाकडं बघत राहिला, मीही बघितलं. वाटलं, असंल कुणाचा पाहुणा.

कोर्टात शपथेवर म्हणालो होतो, शंभर माणसांत त्याला ओळखीन. आन् इथं तो एकटाच उभा होता.

रविवारी सकाळच्या गाडीनं मी येतो. तो आला तर बसवून ठेव. त्यानं जे तुला विचारलं, ते त्याला मलाही विचारू दे. तुझं तू सांग, माझं मी सांगीन. मात्र त्याआधी आपण दोघांनी त्यावर एक अक्षर बोलायचं न्हाई. स्टँडवर न्यायला येऊ नको, वाटेत बोलणं निघंल. मी सरळ तुझ्या दारात येतो.

मामीनं उसळीसाठी पावटे दिलेत.

तुझा,
मामा