निळ्या फ्रॉकचं बटण

प्रिय धाकटे,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुझ्या काळजात धस्स झालं असेल, तर आधी पाणी पी. सगळं ठीक आहे. वाईट व्हायचं ते होऊन गेलं आणि त्याला तू हजर होतीस. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मधेमधे बोलतेस आणि मी मधेमधे खोटं बोलते. शनिवारी तुला माझ्याबद्दल काही गोष्टी भलत्याच ठिकाणाहून कळण्याची शक्यता आहे. त्याआधी त्या मीच तुझ्या कानावर घालाव्यात म्हणून ही खटपट. पत्र तीन दिवसांत पोचतं असं पोस्टातल्या बाई छातीठोकपणे म्हणाल्या, म्हणजे आपण चार धरू; आज सोमवार आहे, शनिवारच्या आत मिळायला हवं.

आधी घरचं. आईची खाट मी उभी करून भिंतीला टेकवून ठेवली आहे. वरच्या काकू म्हणतात, कुणाला तरी देऊन टाक. देईन. गादी उन्हात टाकली होती, ती दोन दिवस गच्चीवरच विसरले. गणवेशवाल्याचा टेम्पो गेल्या मंगळवारी नेहमीसारखा गठ्ठा टाकून गेला. शंभर शर्ट, प्रत्येकाला सात काजं आणि सात बटणं. खाट होती तिथे उजेड चांगला येतो, म्हणून शिलाई मशीन तिकडे सरकवलं. तू गेलीस त्या दिवशी जिन्यात कुणीतरी म्हणालं, धाकटी केवढी रडली आणि मोठीच्या डोळ्यांत टिपूस नाही. खरं आहे ते. अजूनही नाही. दातांच्या डॉक्टरकडून आल्यावर गाल कसा आपला वाटत नाही, तसं एकोणीस दिवस माझं सगळंच झालंय. वाईट वाटत नाही, सुटल्यासारखंही वाटत नाही. दुपारी दोन वाजता हात आपोआप दुधाच्या पातेल्याकडे जातो. मग ते दूध मीच पिते.

तुला कधी बोलले नाही, पण दोन वर्षांपूर्वी मी मोबाइलवर एका गटात शिरले. ज्यांच्या घरी विसरत चाललेलं माणूस आहे, अशांचा गट. एक निवृत्त कंपाउंडर तो चालवतात आणि कुणाला कुठल्या गोळीनं झोप येते ते न विचारताही सांगतात. तिथे खरं नाव कुणी लावत नाही. मी सुईदोरा असं घेतलं, दुसरं काही सुचलं नाही. जिन्यात बोलता येत नाही ते मी तिथे लिहायला लागले. त्यातलं पहिलं हे होतं, की माझी आई मला ओळखत नाही.

इथे थांबू नकोस, पुढे वाच. दर गुरुवारी तू पहिला प्रश्न हाच विचारायचीस, की ती तुला ओळखते का. आणि मी सांगायचे, हो, आज नावानं हाक मारली. शेवटच्या दोन वर्षांत तिनं मला एकदाही नावानं हाक मारली नाही, धाकटे. मी बाई होते. बाई, पाणी द्या. बाई, तुमचं घर कुठे? बाई, माझी मोठी मुलगी शाळेतून आली का, जरा बघता? मी जिन्यापर्यंत जाऊन यायचे आणि सांगायचे, येतेच आहे. तिचा जीव भांड्यात पडायचा. पाच मिनिटांनी परत तेच. तू विमानतळावर हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर दिवसभर लोकांचं ऐकून घेऊन मग फोन करायचीस. तुझा आवाज आधीच बसलेला असायचा. त्यात आणखी हे कशाला, असं वाटायचं.

दुसरी गोष्ट जास्त वाईट आहे. बटणांचा डबा मी तिच्या पुढ्यात ठेवायचे, हे तुला माहीत आहे. दोन भोकांची एकीकडे, चार भोकांची एकीकडे, असं ती तासन्‌तास करत बसायची, आणि खरंच मदत व्हायची माझी. एक दिवस तिनं तो डबा उचलून भिरकावला. खाटेखाली, मशीनखाली, सगळीकडे बटणं. गठ्ठा दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. मी तिच्या हातावर मारलं. हळू नाही मारलं. तिनं हात मागे घेतला आणि म्हणाली, बाई, माझ्या मुलीला सांगेन हं मी. हातावर मारल्याचं मी त्याच दुपारी गटात लिहिलं, डब्याचं नाव न काढता, कारण न लिहिता बसवेना.

त्यावर ‘तिसरा मजला’ नावाच्या एका महाभागानं मला धारेवर धरलं. असल्या बायकांची नावं चव्हाट्यावर आणली पाहिजेत, म्हणे. स्वतः मात्र तिसऱ्या मजल्यावर दडून! एका बाईनं तेवढं उत्तर दिलं. ‘खिडकीपाशी’ असं तिनं नाव घेतलं होतं. तिची आईही विसरणारी आणि करणारी तीही एकटीच. तिनं लिहिलं, की मीही एकदा मारलंय, आणि नंतर आईचे केस विंचरत बसले, तुम्हीही विंचरून बघा. मी विंचरले. आईनं डोळे मिटून विंचरू दिले. त्या दिवसापासून ती बाई माझी झाली. आई दोन ते चार झोपली की मी मशीन बंद ठेवायचे आणि आम्ही दोघी लिहून बोलायचो. सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते, असं मी तिला एकदा लिहिलं. तिचं उत्तर आलं, माझंही अगदी तसंच आहे.

आता तुला कळत आलं असेल. नसेल, तर बटणाचं सांगते. गेल्या वर्षी एका गुरुवारी तू फोनवर फारच खोदून विचारत होतीस, नुसती हाक मारली यावर तुझं समाधान होईना. माझ्या हातात तेव्हा एक बटण होतं. मी ठोकून दिलं, की आईनं डब्यातून एक बटण काढून माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाली, हे तुझ्या निळ्या फ्रॉकचं, परत हरवू नकोस. तू तिकडे रडायला लागलीस आणि मी इकडे काज पुरं केलं. आपल्या घरात निळा फ्रॉक कधीच नव्हता. निळं कापड धुण्यात विटतं म्हणून आई आणायचीच नाही. तू तेव्हा फार लहान होतीस, तुला आठवणार नाही.

चार दिवसांनी खिडकीपाशीनं गटात लिहिलं, की आज आईनं एक बटण माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, हे तुझ्या निळ्या फ्रॉकचं. मी ते वाचलं आणि पहिल्यांदा काय झालं सांगू? मला तिचा हेवा वाटला. म्हटलं, हिचं नशीब बघा, हिची आई हिला ओळखते. इस्त्री तापत ठेवली होती ती घ्यायला उठले, शर्टाची कॉलर दाबली आणि मग तशीच उभी राहिले. ते वाक्य जगात कुठल्याच आईनं म्हटलेलं नव्हतं. ते माझ्या तोंडून निघालं होतं आणि एकाच माणसाच्या कानात गेलं होतं. ती कॉलर जळली. गणवेशवाल्याला मी सांगितलं, उंदरानं कुरतडली. त्यानं जळका डाग बघितला, माझ्याकडे बघितलं आणि एका शर्टाचे पैसे कापले.

मी तुझ्यावर चिडायला हवं होतं. आईचं सगळं मी काढायचं, आणि दमल्याचं तू लिहायचं! पण माझं आयुष्य तू तुझ्या नावावर खपवलंस असंही म्हणता येईना, नाव तर तू लावलंच नव्हतंस. तू आईवर कधी हात उचलला नाहीस हे मला माहीत आहे. गेल्या आठ वर्षांत तू तिचे केस विंचरले नाहीस हेही माहीत आहे. म्हणजे तुझं ते उत्तर पहिल्यापासून शेवटपर्यंत थाप होतं, आणि त्यानंच मला त्या दिवशी सावरलं. याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

म्हणून मी काहीच केलं नाही. गुरुवारी फोनवर तुला काहीतरी रचून सांगायचे आणि पुढच्या एकदोन दिवसांत ते तिथे वाचायचे. तू माझ्यापेक्षा छान लिहितेस. मी नुसतं म्हटलं, की आज आई हसली, तर तू तिला खिडकीतल्या चिमणीकडे बघून हसवलंस. हळूहळू मी तुझ्यासाठी जास्त चांगलं रचायला लागले. इथे आई मला बाई म्हणायची आणि तिथे ती मला ओळखायची. दोन्हीकडे दूध मीच पाजत होते.

तू परत गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी खिडकीपाशीनं लिहिलं, आज आईनं अर्धा पेला दूध घेतलं. मी दोनदा वाचलं. वेडी झाली ही, असं मनात आलं. तिसऱ्या दिवशी तू लिहिलंस, आज केस धुतले. लोकांनी तुला हात जोडल्याची चित्रं पाठवली. मी कळवलं नाही कुणाला. सुईदोराची आईही अजून आहे तिथे, मीही सांगितलेलं नाही. रोज दोन वाजता दुधाचा पेला घेऊन बसते आणि तुझं वाचते.

आणि आता कंपाउंडरसाहेबांनी मतदान काढलंय. तिसऱ्या मजल्यानं बायको गेलेल्या एका म्हाताऱ्याला नको नको ते लिहिलं, तेव्हापासून त्यांचं डोकं फिरलंय. यापुढे प्रत्येकानं खरं नाव लावायचं, फोटो लावायचा, आणि जुन्या सगळ्या लिखाणावरही ती नावं चढणार. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. ज्याला सभ्य बोलायचंय त्याला नावाची भीती कशाला, असं ते विचारतात. मला जे बोलायचं होतं ते सभ्य नव्हतं, एवढंच. तू त्यांच्याशी तावातावानं भांडलीस तेही वाचलं. दिवसभर छातीवर नावाची पट्टी लावून उभी असते, लोक ती वाचून नाव घेऊन ओरडतात, निदान इथे तरी मला बिननावाची राहू द्या, असं लिहिलंस. सामानाच्या खिडकीचं तू तिथे बोलायला नको होतंस, आईजवळ चोवीस तास असणारी बाई नोकरीवर कधी जाते? कुणाच्या लक्षात आलं नाही, पण जपून.

मी नावं नकोत म्हणून मत दिलं आहे. शनिवारी निकाल. आपण हरलो तर सुईदोरा कोण ते तुला तिथे दिसेल आणि हातावर मारल्याचं माझ्या नावाखाली परत वाचावं लागेल. म्हणून आधी सांगून टाकलं. रागवायचं तर रागव, पण फोनवर नको, मला तुझा राग आत्ता ऐकू येणार नाही. मात्र पत्र खरं म्हणजे त्यासाठीही नाही. काल आणि परवा तू तिथे काही लिहिलं नाहीस. मी दोन वाजल्यापासून चार वाजेपर्यंत बघत होते, दूध निवून गेलं. तू थांबलीस की ती तिथेही जाईल, आणि मला ती इथे गेल्याचंच अजून नीट कळलेलं नाही. तेव्हा शनिवारपर्यंत तरी लिही. फार नको, दूध घेतलं का तेवढंच. आणि जमलं तर एकदा तिच्या तोंडून लिही, की मोठी शाळेतून आली.

तुझीच,
ताई