नव्या चपलांची करकर

कबनूर,
शुक्रवार, दि. ७ नोव्हेंबर २०२५

चि. शिवांश यास अप्पाचा आशीर्वाद.

इकडं सगळं ठीक. अव्वाचा गुडघा थंडीनं धरलाय, तरी तुझ्यासाठी कडक भाकऱ्या थापायचं थांबत नाही. सुताचा भाव वर गेलाय, कापडाचा जागेवरच. फोनवर तू नुसतं हूं हूं करतोस, म्हणून पत्र.

अव्वा तुला भेटून पन्हाळ्याहून आली, ती केरबाचं कौतुक करतच. व्यसनमुक्ती केंद्रातून सुटल्यावर त्यानं तुला आपल्या रोपवाटिकेत ठेवून घेतलं, उपकारच आहेत. तोही त्यातूनच बाहेर पडलाय म्हणे. चांगलं आहे. "केरबाकडं शिवा पोटभर जेवतोय बघा," अव्वा म्हणाली. मी म्हटलं, अगं, तू त्याची आई, भाकरी कुणाच्या हातची? तुझ्याच ना? मग कौतुक केरबाचं कसं? आणि शिवा, केरबाला सांग, फाटकाजवळच्या जास्वंदीला माव्याची कीड पडलीय. एवढा जाणकार माणूस, दिसत कसं नाही?

मी कधी बघितली म्हणशील. सांगतो.

दिवाळी झाली की तुला घरी आणायचं मी मनात धरलं होतं. म्हणून आधी केंद्रातल्या वर्षाराणी डॉक्टरांना भेटलो. त्या म्हणाल्या, एवढ्यात नको. मेंदूतल्या पेशी एकमेकींना जिथं भिडतात तिथं सांधे असतात. नशेची गोळी घेताना जे कानावर पडतं, त्याचा सांधा त्या गोळीच्या सुखाशी घट्ट बसतो. मग गोळी समोर नसली तरी नुसत्या आवाजानं जीव ती मागायला लागतो. गोळ्या सुटल्या म्हणून सांधा लगेच सुटत नाही.

"कसला आवाज?" मी विचारलं.

"यंत्रमागांचा. तो गोळ्या तुमच्या कारखान्यातच घ्यायचा की."

"बाई, दुसऱ्याच्या मागावर राबून मी हे माग उभे केलेत. त्या आवाजावर आमचं घर चालतंय."

"व्हय, पण त्याचा मेंदू त्या आवाजावर दुसरंच शिकलाय. आणि तुमची बुलेट गल्लीत वळली की तो उरलेली गोळी घाईनं गिळायचा. ते पण त्याच्या डोक्यात बसलंय."

शिवा, मला राग नाही आला. मी जळलो. तुला शेजारी उभं करून किती वेळा सांगितलं, ऐक, कुठल्या मागाचा धोटा अडखळतोय. तू जांभया द्यायचास. आणि नखाएवढ्या गोळीनं तोच आवाज तुला असा शिकवला की अजून पाठ आहे. माझ्याच कारखान्यात, माझ्याच मागांवर!

तरी गेल्या गुरुवारी मी आलोच. डॉक्टरीण काय म्हणते ते म्हणू दे, पोरगं माझं आहे, घेऊन येतो म्हणून निघालो. पण चढ संपता संपता हात आपोआप चावीकडं गेला. बुलेट तिथंच बंद केली आणि चालत फाटकापर्यंत आलो. हिरव्या जाळीमागं केरबा ओरडत होता, "आरं शिवा, मुळांना सारखं हात लावून बघू नगंस, लाजत्यात ती!" आणि कोणीतरी मोठ्यानं हसलं.

अख्ख्या कारखान्यातला एक माग चुकला तर ओळखणारा मी. ते हसणं तुझं आहे, हे मला पटकन ओळखू आलं नाही. मग तू म्हणालास, "केरबाप्पा, तुम्हीच लाजताय." केरबापर्यंत ठीक होतं, पुढं अप्पा कशाला जोडलास? जास्वंदीजवळ थोडा उभा राहिलो आणि परत फिरलो.

तर तू तिथंच राहा. घरी चल असं मी म्हणणार नाही, अव्वालाही म्हणू देणार नाही. आणि फोनचं मी खोटं लिहिलं. तू हूं हूं करतोस म्हणून नव्हे, माझ्यामागं माग वाजत असतात म्हणून फोन करत नाही.

डॉक्टर म्हणाल्या, जुनं पुसता येत नाही, पण त्याच्यावर नवं शिकता येतं. म्हणून कोल्हापुरात जाऊन चपला घेतल्या, खास करकरणाऱ्या. दुकानदार म्हणाला, "पावणं, लगीन हाय काय?" टाच सोलून निघालीय, पण आवाज खणखणीत आहे. रविवारी एसटीनं येतो, अव्वाची भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन. पुढच्या रविवारी पण, त्याच्या पुढच्याही. हा आवाज तू कधी ऐकलेला नाहीस. तो कशाशी जोडायचा, ते तुझ्या हातात.

करकर ऐकू आली की फाटक तू उघड. केरबाला उघडू देऊ नकोस.

तुझा, आणि तुझा एकट्याचाच,
अप्पा