पणजोबांच्या कामी येण्याबद्दल

तीर्थरूप काकांना,

नमस्कार. साष्टांग घालायचा होता, पण तुमच्या कामापायी कचेरीच्या बाकावर बसून बसून कंबर धरली आहे, तेव्हा उभ्यानेच गोड मानून घ्यावा. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. काय काय ठीक नाही ते खाली येईलच. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? काकू फोनवर म्हणाल्या, मिशा ठेवल्यापासून तुम्ही गुडघ्याचं नाव काढत नाही आणि जिना चढताना छाती पुढे काढता. मिशा कशासाठी ठेवल्या तेही त्यांनी सांगितलं. हे पत्र त्याबद्दलच आहे. तुम्ही माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, मला सायकल तुम्ही शिकवलीत (आणि नाल्यात घातलीतही तुम्हीच), आजवर मी तुम्हाला एका शब्दाने उलट बोललेले नाही. ते सगळं साठलेलं आज एकदम बाहेर येणार आहे. पाण्याचा पेला जवळ घेऊन बसा.

पहिल्यापासून सांगते, कारण तुम्हाला गोष्टीतला आपल्या सोयीचा भाग तेवढा लक्षात राहतो. तुमच्या गावात लढाईचं स्मारक होणार, त्यावर लढाईला गेलेल्यांची नावं कोरणार, हे तुम्ही पेपरात वाचलंत आणि मला फोन केलात: तुमचे आजोबा, म्हणजे माझे पणजोबा, पलटणीत होते, त्यांची नोंद शोधून काढ. मीच का, तर माझं चष्म्याचं दुकान आहे, म्हणून जुनं अक्षर मला वाचता येईल. (काका, मी चष्मे विकते. ज्याला दिसत नाही त्याला दिसावं, एवढाच माझा धंदा. ज्याला बघायचंच नाही त्याला बसेल अशी काच अजून निघालेली नाही.) त्याच फोनवर मी म्हणाले होते, आठवून बघा, की पणजोबांची सख्खी मुलगी माझ्या शेजारच्या खोलीत नव्वदीला टेकून खणखणीत बसली आहे, आधी आत्याआजीला विचारू या. त्यावर तुम्ही म्हणालात, आत्याला काय आठवणार, ती तेव्हा एवढीशी होती, आणि इतिहासाला कागद लागतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. फक्त कळसा तुमचा आणि वळसा माझा. दोन गाड्या बदलून.

पलटणीची जुनी दप्तरं जिथे ठेवली आहेत ती खोली तुम्ही पाहिलेली नाही, पाहणारही नाही. एक पंखा, तोही कागद उडतात म्हणून बंद. पेन आत न्यायचं नाही, फक्त पेन्सिल. पेन्सिलीला टोक करायचं तर बाहेर जायचं, आणि बाहेर गेलं की पुन्हा सही करून आत यायचं, पेन्सिलीनेच. तिथे जे गृहस्थ बसतात त्यांचं नाव मी 'जेवणानंतर' ठेवलं आहे. सकाळी दार उघडताना गेलं तरी म्हणतात जेवणानंतर या, आणि जेवणानंतर गेलं तर ते जेवणानंतरचे डुलत असतात. मी दुकानाला कुलूप लावून त्यांच्यासमोर बसले, तेव्हा कुठे त्यांनी ते बाड काढलं. बाड म्हणजे, काका, उशी. शिवण इतकी घट्ट की दोन्ही हातांनी फाकवून धरल्याशिवाय आतलं दिसत नाही, आणि फाकवलं की जेवणानंतर डोळे न उघडता म्हणतात, शिवण उसवेल. तशात मला पणजोबा सापडले. उंची मध्यम, डाव्या भुवईवर व्रण, आवाज मोठा (हा तुमच्याकडे आला). आणि शेऱ्याच्या रकान्यात शिवणीच्या खोबणीतून बाहेर आलेले दोन शब्द: कामी आला.

मी बाहेर येऊन तुम्हाला फोन केला. मी काय म्हणाले ते शब्दाला शब्द सांगते, कारण मी दोनदा म्हणाले: शेरा 'कामी आला' असा आहे, पण त्याच्या आधीचं शिवणीत गेलंय, वाचता येत नाही. तुम्ही पहिला अर्धा भाग ऐकलात आणि दुसऱ्या अर्ध्यावर खोकलात. लढाईत कामी आला म्हणजे धारातीर्थी पडला, हे शाळेत आपण सगळ्यांनीच घोकलं आहे, त्यामुळे एकदम डोक्यात तेच येतं हे मला मान्य आहे. पण डोक्यात येणं वेगळं आणि अर्ज करणं वेगळं. मी घरी पोचून पाय धुते आहे तोवर तुमचा अर्ज गेला. पणजोबांचं नाव पडलेल्या वीरांच्या यादीत चढलं, दगडाच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात कोरलं, त्यावर पडदाही टाकला. तुम्ही वीरवंशज मंडळाचे अध्यक्ष झालात. ज्या माणसाने सगळी नोकरी पाणीखात्यात कोणत्या गल्लीला किती वेळ नळ सोडायचा हे ठरवण्यात घालवली, त्याने एका फोनवर स्वतःच्या आजोबांना ठार मारलं आणि वर मिशा ठेवल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

आता कार्डाकडे येते. अनावरणाचं कार्ड तुम्ही छापलंत, त्यावर तुमचा फोटो घातलात (पणजोबांचा नव्हता म्हणून, असं काकू म्हणाल्या), खाली पणजोबांचं नाव आणि त्या शेऱ्यापुढचं साल, ते पडले ते वर्ष म्हणून. ते कार्ड तुम्ही मला पाठवलं असतंत तर मी गिळलं असतं. तुम्ही ते थेट आत्याआजीला पाठवलंत, वर 'सप्रेम' लिहून. तिने माझ्याकडून भिंग मागून घेतलं. खिडकीशी बसून बराच वेळ वाचलं. मग कार्ड उशीखाली ठेवलं आणि त्या दिवशी चहा पाणचट आहे असं म्हणाली नाही. काका, गेली कितीतरी वर्षं मी तिचा चहा करते, आणि तो पाणचट नाही असा एक दिवस गेलेला नाही. मी घाबरले. संध्याकाळी दिवा लावायला आत गेले तर तिने माझा हात धरला.

"त्या साली बाबा गेले," ती म्हणाली, "आणि मी झाले त्याच्यानंतर चार वर्षांनी. मग मी कोणाची गं?"

तळपायाची आग मस्तकात गेली, तेव्हापासून ती तिथेच आहे. काका, तुम्ही तिच्या ऐंशीच्या वाढदिवसाला भाषण केलंत. तिचं जन्मसाल तुम्हीच सांगितलंत, टाळ्याही घेतल्यात. आणि तुमचे वडील तर तिच्या पाठचे, तिच्याहून दोन वर्षांनी लहान. म्हणजे तुमच्या दगडाप्रमाणे पणजोबा मेल्यावर चार वर्षांनी त्यांना मुलगी झाली, आणि मग हुरूप येऊन मुलगाही झाला. तुम्ही ज्यांचे वंशज म्हणून अध्यक्ष झालात ते जर खरंच तेव्हा पडले असतील, तर तुम्ही त्यांचे वंशज नाही. आणि तुम्ही वंशज असाल तर ते पडले नाहीत. दोन्ही एकदम हवं असेल तर तसं एकदा पणजींच्या फोटोसमोर उभं राहून बोलून दाखवा. ती बाई नवरा लढाईवर असताना एकटीने घर चालवत होती. तिच्याबद्दल आजवर कोणी वाकडा शब्द काढला नव्हता. तो काढायचा मान तिच्या नातवाने घेतला, तोही छापील.

हे सगळं मी तुम्हाला फोनवर सांगितलं. (पहिल्यांदा तुम्ही घरी नव्हतात, मागून तुमचाच आवाज येत होता की घरी नाही म्हणून सांग.) दुसऱ्यांदा सापडलात तेव्हा तुम्ही न खोकता शेवटपर्यंत ऐकलंत. मला वाटलं, चला, माणूस शरमला. मग तुम्ही म्हणालात, आत्याचं जन्मसालच चुकलं असेल, तेव्हा नोंदी कुठे धड असायच्या. म्हणजे दगडावरचं एक साल खोडावं लागू नये म्हणून तुम्ही आत्याआजीला चार वर्षांनी म्हातारं करायला तयार झालात, आणि स्वतःच्या वडिलांना सहा. मेलेल्याला मेलेला ठेवण्यासाठी जिवंतांची वयं ओढून वाढवायची, हा हिशेब तुम्ही पाणीखात्यातच शिकला असाल. मी फोन आपटला. तो आपटला त्याबद्दल माफी मागणार नाही. फोनची मागीन.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकान बंद, पुन्हा दोन गाड्या, पुन्हा जेवणानंतर. यावेळी मी दुकानातली बॅटरी आणि डोळे तपासायचा छोटा आरसा घेऊन गेले. ते डुलायला लागल्यावर आरसा शिवणीत सरकवला आणि उलटी दिसणारी अक्षरं सुलटी करत वाचली. पूर्ण शेरा असा आहे, नीट वाचा: 'स्वयंपाकी आजारी असता फार कामी आला.'

काका, तुमचे आजोबा कामी आले. चुलीसमोर. जसा आपल्याकडे एखादा जुना अडकित्ता कामी येतो, शेजारची शिडी कामी येते, तसे ते कामी आले. पुढच्या पानावर, तुम्ही त्यांना मारल्यानंतर काही महिन्यांनी, पहाऱ्यावर झोपल्याबद्दल त्यांना ताकीद दिलेली आहे. मेलेल्या माणसाला झोपल्याबद्दल कोणी ताकीद देत नाही. उलट तो उठला तर देतील. आणि त्याच्याही खाली, वेगळ्या शाईत, मुदत भरली म्हणून घरी सोडल्याची नोंद आहे. मी ती वाचली आणि तिथेच मोठ्यांदा हसले, तेव्हा जेवणानंतर जागे झाले आणि शिवण तपासू लागले. मी म्हटलं, शिवण राहू द्या, हा माणूस जिवंत करून द्या. ते म्हणाले, कचेरीने कोणाला मारलेलं नाही, अर्जदाराने मेले असं लिहून दिलं, आम्ही पुढे पाठवलं. दुरुस्ती हवी तर त्याच अर्जदाराने मागावी, नाहीतर संबंधित व्यक्तीने स्वतः. मी विचारलं, संबंधित व्यक्ती म्हणजे पणजोबा? त्यांनी बाडात बघून होय म्हटलं. मी भांडले, काका. पेन्सिल मोडली. पण घरी येताना गाडीत मला कबूल करावं लागलं की तो डुलणारा मनुष्य बरोबर बोलत होता आणि चूक तुमचीच आहे, त्यामुळे राग परत आणून तुमच्याच खात्यात टाकला.

रात्रीचं जेवण झाल्यावर मी आत्याआजीला तो शेरा वाचून दाखवला. तिने पुन्हा वाचायला लावला. मग ती म्हणाली, "तरीच," आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली, इतकी की मला पाठ चोळावी लागली. तिचं म्हणणं, बाबांना चौघांपुरतं शिजवताच यायचं नाही. आई आजारी असली की ते चुलीशी बसायचे आणि अख्ख्या पलटणीचं करायचे. मग हिने भांडी घेऊन गल्लीभर वाटत फिरायचं. मीठही त्याच मापाने. हिला पालथ्या घमेल्यावर बसवून ढवळायला लावायचे आणि मागून हुकूम सोडायचे, डावीकडून ढवळ, उजवीकडून ढवळ. ती सात-आठ वर्षांची असताना ते तापाने गेले. एवढं सगळं तिच्याकडे होतं. साल, तारीख, आवाज, मीठ, सगळं. तुम्ही गावोगावच्या कचेऱ्यांना अर्ज केलेत आणि आत्या, तुझे वडील कसे होते गं, एवढं एका माणसाने तिला विचारलं नाही. मला याचा फार राग येतो, आणि राग आला की मला रडूही येतं, ते वेगळं.

असो. पत्र लांबलं. काकूंना नमस्कार, त्यांच्या दातांची काळजी घ्यायला सांगा. तुम्हालाही नमस्कार आहेच, मिशा सोडून.

तुमची पुतणी
(वंशज, अजूनपर्यंत)

ता. क. सोबत दुरुस्तीचा अर्ज जोडला आहे. मजकूर मी भरला आहे, फुली केली आहे तिथे तुमची सही हवी. नाव पुढच्या बाजूचं खोडून मागच्या बाजूला, जाऊन परत आलेल्यांत, घालायचं. ती बाजू सायकलींच्या स्टँडकडे आहे आणि अक्षरं बारीक आहेत हे मला ठाऊक आहे. चष्मा मी देईन.

ता. क. २. अध्यक्षपद जाईल हे तुमच्या आधी माझ्या लक्षात आलं आहे. मंडळात चौकशी केली. परत आलेल्यांच्या वंशजांना सभासद होता येतं, फक्त व्यासपीठावर बसता येत नाही. गुडघ्याच्या दृष्टीने खालीच बरं. आणि तुमचं भाषण पाठ झालंच असेल तर ते काकूंना म्हणून दाखवा, त्यांनी याहून वाईट ऐकलेलं आहे.

ता. क. ३. पाकीट बंद करण्याआधी आत्याआजीने पत्र वाचून दाखवायला लावलं. मधे दोनदा तिचा डोळा लागला. संपल्यावर म्हणाली, काकाला असं बोलतात का, आणि एवढं लांबण लावायची काय गरज होती, त्याला लहानपणापासून मी एका वाक्यात गप्प करते. मग पेन मागून घेतलं. खालचं अक्षर तिचं आहे.

बाळ, तुझे आजोबा घरी गेले. शेवटचं पाणी मी पाजलं. सही कर.