खाली लिहिलेला अल्बम

बाबा, आज २८ डिसेंबर, रविवार. सकाळी बाजारातून बोंबील आणले, साफ केले, दोन मशिनी कपडे धुतले. हे आणि मुलगा दुपारी क्रिकेटला गेले, ते अंधार पडल्यावरच येतील. घरात मी एकटी आहे आणि नेहमीप्रमाणे वर्षाची यादी करायला बसले आहे. या वर्षी कुठले रॉक अल्बम आवडले आणि कुठला मुळीच आवडला नाही, याची. बेचाळीस वर्षांची बाई हे करते म्हणून हे हसतात, पण दरवर्षी डायरी आठवणीने तेच आणून देतात.

यंदा सगळ्यात वर शिलाँगच्या चार मुलींचा अल्बम आहे. एका खोलीत, एका दमात वाजवून रेकॉर्ड केलेला. चौथ्या गाण्यात ड्रम वाजवणारीच्या हातून काठी सुटते, ती दुसरी उचलते, आणि त्यांनी ते तसंच ठेवलंय. तुम्हाला आवडलं असतं. त्याखाली एक आइसलँडचा, इतका संथ की पहिल्यांदा ऐकताना मला झोप लागली होती, मग जून-जुलैत रोज ऐकला. नावडता लगेच ठरला. ज्या बँडचं पोस्टर माहेरी शिरवण्याच्या घरात माझ्या भिंतीवर होतं, त्यांचाच नवा. ड्रम सगळे कॉम्प्युटरवर केलेले, एकही चूक नाही. ‘ह्यात घाम नाय,’ असं तुम्ही म्हणाला असतात. मी जरा सभ्य शब्दांत तेच लिहिलंय.

यादीची सवय तुमच्यामुळे लागली. मी कॉलेजात असताना तुम्ही वाशीच्या एका दुकानात जाऊन ‘ज्यात ढोल जोरात हाय तो दे’ असं सांगून एक सीडी आणलीत. कव्हरवर रिकामा स्विमिंग पूल होता. बँड आपल्याला दोघांनाही माहीत नव्हता, अल्बम त्याच वर्षीचा होता. न्हावा शेव्याला यार्डात कंटेनरची सीलं तपासून तुम्ही दमून यायचात, पण रविवारी दुपारी तुमचा साइड ड्रम पुढ्यात घेऊन बसायचात. हळदीची सुपारी असेल तर दोऱ्या ताणायला, नसेल तर नुसतेच. मी ती सीडी लावायचे. तुम्ही माझ्या पायाकडे बघत बसायचात. बँजो पार्टीत वाजवणाऱ्याने लोकांच्या तोंडाकडे बघायचं नाही, पायाकडे बघायचं, असं तुमचं म्हणणं होतं. तोंडाने माणूस लाजतो, पाय लाजत नाही. मी पाय आखडून घेतला की तुम्ही हसायचात.

त्या डिसेंबरात कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी मी वर्षाची यादी लिहिली. त्याआधी कँटीनमध्ये मी ती सीडी सगळ्यांना ऐकवली होती, तेव्हा एक मुलगी म्हणाली, ‘ए, हे तर गावच्या हळदीतलं वाटतंय.’ सगळे हसले. मी पण हसले, बहुतेक सगळ्यात आधी. माझे वडील हळदीत वाजवतात हे तिथे कुणाला माहीत नव्हतं. मग यादीत तो अल्बम मी सगळ्यात खाली टाकला आणि पुढे लिहिलं, ‘हळदीच्या बँजो पार्टीसारखा नुसता गोंगाट.’ चांगल्या अक्षरात, निळ्या स्केचपेनने.

दोन दिवसांनी तुम्ही फॉर्मवर सही करायला कॉलेजात आलात आणि ऑफिस उघडेपर्यंत त्या फलकासमोर उभे राहिलात. मला हे संध्याकाळी कळलं. आई भाकऱ्या थापतेय, तुम्ही मोरीत हात धुताय.

“बोर्डावर तुझा लिवलेला वाचला.”

“कसं वाटलं?”

“अक्षर चांगला हाय.” तुम्ही टॉवेलने बोटं एकेक करून पुसलीत. “आपली शीडी सगल्यात खाली टाकलीस.”

मी ताटं घ्यायला वळले.

“काय झाला?” आईने विचारलं.

“काय नाय. पोरीला कान हाय. बँजो हाय तो बराबर वलखला.” आणि तुम्ही हसलात.

पुढच्या रविवारी तुम्ही ड्रम काढलात, पण सीडी लाव म्हणाला नाहीत. मीही लावली नाही. काही दिवसांनी ती जागेवर दिसेना. मला वाटलं, आईने आवराआवरीत कुठे टाकली. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. माफी मागायचं राहिलं ते राहिलंच. माझ्या लग्नानंतर दीड वर्षात तुम्ही गेलात.

यंदा तुळशीच्या लग्नानंतर शिरवण्यात भाचीची हळद होती. तुमच्या पार्टीत बँजो वाजवणारे काका आता वाजवत नाहीत, खुर्चीत बसून पोरांना शिव्या देतात. मला बघून म्हणाले, “ये गो, बस. तुझा बाप तुझी लय फुशारकी मारायचा. पोरीनी कालेजच्या बोर्डावर आपल्या पार्टीचा लिवलाय म्हनून. आमी सगल्यांनी त्याच्याकडनं च्या वसूल केला. काय लिवला व्हतास गो?”

“चांगलं लिहिलं होतं, काका.”

“मंग! आनि ती शीडी आनून आमचा जीव खाल्लान. ह्यातला हात, ह्यो ठेका बसवायचाच. महिनाभर चुकत व्हता.” त्यांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या हातावर तो वाजवून दाखवला. दुसऱ्या गाण्याची सुरुवात, बाबा. मी लगेच ओळखली. “तुझ्या हलदीत पयल्यांदा वाजवला. कशी नाचलीस तू!”

मला ती हळद आठवते. अंगभर हळद, मैत्रिणींनी ओढून मांडवात आणलेलं, आणि एकदम असा काही ठेका आला की मला थांबताच येईना. तुम्ही ड्रम गळ्यात अडकवून माझ्यासमोर वाजवत होतात, पण मान खाली होती. एकदाही वर बघितलं नाहीत. पोरगी जाणार म्हणून तोंडाकडे बघवत नसेल, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

हे कुठे पाठवायचं नाही, डायरीतच राहील. त्या वर्षीची यादी खोटी होती. तो अल्बम मला तेव्हाही सगळ्यात जास्त आवडला होता, आणि कशासारखा वाजतो हेही मी बरोबर लिहिलं होतं, फक्त जागा चुकीची होती.

मध्ये उठून दूध तापत ठेवलं. ओट्याशी उभी राहून दोन बोटांनी तो हात डब्याच्या झाकणावर वाजवून पाहिला. तिसऱ्या ठोक्याला चुकला. गॅस बारीक केला आणि पुन्हा पहिल्यापासून घेतला.